शेकोटीची ऊब लागते का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळताना टेबलावर असतं काय? फासे, पेन्सिली, कागद आणि चहाचे कप. किल्ला, भुयार, ड्रॅगन वगैरे सगळं डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या तोंडून येतं. ते काम माझं. ‘समोर दगडी भिंत आहे,’ असं मी म्हटलं की भिंत उभी. मग जादूगाराने मंत्राने रचलेली भिंत आणि माझी ‘खरी’ भिंत यांत फरक काय? दोन्ही शब्दांच्याच. नियम लिहिणाऱ्यांना हा पेच पहिल्यापासून छळतो आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हाच त्यात भासाचा मंत्र होता. पाहणाऱ्याने भास खरा मानला, तर त्यातून होणारी इजाही खरी! पण मानलं की नाही, हे ठरवायचं कुणी? मग खेळाडू उठसूट ‘माझा विश्वास नाही’ म्हणू लागतात आणि दाराला दार म्हणायची सोय उरत नाही.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने विश्वासाचा हा घोळ बराचसा आवरला. त्यातला मायनर इल्यूजन हा मंत्र घ्या. एखादा आवाज, नाहीतर पाच फुटी घनात मावेल अशी एखादी वस्तू, तीही एकच मिनिट. हात लावला तर हात आरपार जातो. लांबूनच पारखायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, पण त्यात आपली ॲक्शन खर्ची पडते. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे शत्रू फसला नाही तरी त्याची एक खेळी गेली. माझ्या मते या मंत्राची खरी कमाई ती.

आता समजा, चोर गोदामात अशाच भासाच्या पेटीत लपलाय आणि पहारेकरी आला. भोवती तशाच पेट्या रचलेल्या असतील, तर तो एकच पेटी का तपासेल? मोकळ्या अंगणात मात्र ती जिथे कालपर्यंत नव्हती तिथे दिसली, तर तो भाल्याने टोचून बघणारच. पेटी खोटी आहे हे मला ठाऊक असतं, पहारेकऱ्याला नसतं. पुष्कळ डीएम इथे घसरतात. त्यांचे पहारेकरी अचानक भलतेच चाणाक्ष होतात आणि भासांवर जगणाऱ्या जादूगाराचा खेळाडू पुढच्या वेळी मुकाट्याने फायरबॉल हा आगीचा मंत्र घेतो.

खेळाडूंना चकवायची पाळी माझ्यावर येते तेव्हा अडचण उलटी. ‘जरा फासा टाका,’ एवढं म्हटलं तरी सगळे सावध होतात. म्हणून प्रत्येकाचा पॅसिव्ह आकडा, म्हणजे दहा अधिक त्याचं कौशल्य, मी आडोशामागे आधीच टिपून ठेवतो आणि न विचारता ताडून बघतो. सायलेंट इमेज या मंत्राने फक्त दृश्य उभं राहतं. त्याला आवाज, वास, ऊब काही नाही. तेव्हा मी सांगतो, ‘गुहेत शेकोटी पेटलीय, ज्वाळा गुडघ्याएवढ्या आहेत.’ एवढंच. लाकडं तडतडताहेत असं मी म्हणत नाही. धुराचा वासही सांगत नाही. कान देऊन ऐकणाऱ्याला तेवढी खूण पुरे.

तुम्ही कधी खेळायला बसलात, तर फाशाला हात घालण्याआधी विचारा, ‘ऊब लागते का?’ प्रश्न विचारायला ॲक्शन खर्च होत नाही.