रंगाचं राहू द्या

माझ्या गाडीचा डावा हेडलाइट आतून काळा आहे आणि उजवा चंदेरी. सोसायटीतली पोरं तिला ‘चकणी’ म्हणतात. असं का, हे विचारणाऱ्यांना मी बरेच दिवस थापा मारल्या. दगड लागला, जोडीचा पार्ट मिळेना, वगैरे. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. मी कोल्हापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, आणि माझ्या हातून जे झालं ते अकरावीच्या मुलानं केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर उभं केलं असतं.

गाडी बारा वर्षांची. दिव्यांच्या काचा पिवळट झालेल्या. काच आपण म्हणतो, असतं ते पॉलिकार्बोनेट. वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की ते पिवळं पडतं. तेवढंच दुरुस्त करायचं तर बाहेरून पाणी लावत बारीक पॉलिश पेपर मारायचा आणि वर नवा थर द्यायचा, दिवा उघडावाही लागत नाही. पण माझ्या डोक्यात काळा रंग बसला होता. नव्या महागड्या गाड्यांच्या दिव्यांत बल्बभोवतीची चौकट काळी असते, ती मला फार रुबाबदार वाटायची. (अजूनही वाटते, हे आधीच कबूल करतो.) आणि तेव्हा माझं ठाम मत होतं की यात अवघड काय ते रंगकाम. उघडणं आणि बंद करणं म्हणजे डब्याचं झाकण.

बायको म्हणाली, “अहो, दिव्याला कुणी काळं फासतं का?” तिला मी इतिहास ऐकवला. 1971 च्या युद्धात ब्लॅकआउट असताना गाड्यांच्या दिव्यांवर काळा रंग मारत, हे वडिलांकडून ऐकलेलं. पुढेही कितीतरी वर्षं ट्रकच्या दिव्यांचा वरचा भाग रंगवलेला दिसायचा, काळा नाहीतर पिवळा. म्हणजे परंपरा आहे, म्हटलं. तो रंग कशासाठी असायचा, इकडे माझं लक्ष गेलं नाही.

डावा दिवा मे महिन्यात घेतला. काच आणि मागचा डबा यांच्यामध्ये सगळीकडून एक खाच असते आणि तिच्यात काळा चिकट डिंक भरलेला असतो. ते ब्यूटाइल रबर, टायरच्या ट्यूबमध्ये वापरतात त्याच कुळातलं. हवा-पाण्याला दाद देत नाही, पण तापवलं की मऊ पडतं. काही हौशी लोक अख्खा दिवा ओव्हनमध्ये ठेवतात. आमच्या ओटीजीत केकचं भांडं जेमतेम मावतं. मी वॉशिंग मशिनचं खोकं घेतलं, हीट गनची गरम हवा आत सोडली आणि कॉलेजातून थर्मामीटर आणला. शंभर अंशांच्या आसपास दहा मिनिटं. पॉलिकार्बोनेट 147 अंशांच्या सुमाराला ढिलं पडतं, तेव्हा त्याच्या जवळपास जायचं नाही, हे मला पाठ होतं. खोकं पेटू शकतं, हे मात्र सुचलं नव्हतं. ते पेटलं नाही, माझं नशीब. मग स्वयंपाकघरातलं पातळ उलथनं खाचेत सारत काच उचलली. चिक्कीच्या पाकासारख्या काळ्या तारा लोंबल्या. इतकं समाधान मला पीएच.डी.च्या दिवशीही झालं नव्हतं.

चमकती चौकट सुटी केली, 600 नंबरच्या पेपरनं घासली, प्लॅस्टिकचा प्राइमर, मग मॅट काळ्याचे चार पातळ हात. मागच्या आरशाला हात लावला नाही. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, फडक्यानं पुसला तरी ओरखडे पडतात. रंग दहा दिवस उन्हात वाळवला. डिंक पुन्हा गरम करून काच दाबून बसवली. झकास. अर्ध्या सोसायटीनं येऊन बघितलं.

उजवा गणपतीच्या आधी घेतला. रत्नागिरीला सासुरवाडीचा गणपती. तिथे दोन्ही डोळे सारखे करून जायचं होतं. ऑगस्टची दमट हवा, आणि रंग वाळला एक रात्र. या वेळी दिवा नीट तापायच्या आत काच ओढली, त्यात डिंक तुटून निम्मा खोक्याला चिकटला. नवा मागवायला वेळ नव्हता. बाथरूमच्या कामातून उरलेली सिलिकॉनची ट्यूब होती, ती उरलेल्या डिंकावरच फिरवली. जुन्या ब्यूटाइलवर सिलिकॉन धरत नाही. शिवाय ते वाळताना व्हिनेगरचा वास येत होता, म्हणजे ॲसेटिक ॲसिड, आणि आत तो नाजूक ॲल्युमिनियमचा थर. मी वास ओळखला आणि खिडकी उघडली. एवढंच केलं. डब्याच्या मागे एक छोटं भोक दिसलं, रबरी नळी निघून पडलेली. पाणी इथूनच शिरत असणार, असा शोध लावून ते एम-सीलनं बुजवलं. दिवा तापतो, आतली हवा फुगते. निवला की आकसते. ते भोक त्याच्या श्वासाचं होतं. बॉइलचा नियम, चार्ल्सचा नियम मी दरवर्षी शिकवतो.

परतताना आंबा घाट रात्री चढलो. पाऊस, धुकं. माझ्या उजव्या काचेवर आतून दुधाळ साय: न वाळलेल्या रंगातलं द्रावक बल्बच्या उष्णतेनं उडून काचेला लागलेलं, आणि त्यावर पाण्याचे थेंब. मला दिसत होतं कमी, म्हणून मी सगळा वेळ रस्त्याला शिव्या घालत होतो. मलकापूरच्या अलीकडे समोरून एक मोटरसायकल आली. तिनं एकदम डावीकडे घेतलं आणि साइडपट्टीवरच्या चिखलात आडवी झाली. मागे बाई होती, मांडीवर लेकरू. कुणाला खरचटण्यापलीकडे लागलं नाही. मी धावत गेलो. तो माणूस चिखल पुसत म्हणाला, “काका, अप्पर तरी मारू नका ओ घाटात.”

मी अप्पर लावलेला नव्हता. तसं त्याला सांगितलंही, वर आवाज चढवून. त्या घरच्यांना चिखलात उभं करून मी स्वतःची बाजू मांडत होतो, हे मला आजही आठवतं तेव्हा कान तापतात.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. माझं ज्ञान त्यांच्यापुढे मांडायला लागलो, प्राइमर कुठला, हात किती. ते म्हणाले, “सर, रंगाचं राहू द्या. सांधा दाखवा.” नख घातलं आणि सिलिकॉनची पट्टी केळीच्या सालासारखी सोलून माझ्या हातात दिली. चौकट ओढताना आरशाचा एक खुंटा खोबणीतून सुटला होता, त्यानं उजेड वर गेला होता, तेही दाखवलं. मग गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून डाव्या दिव्याचा डिपर भिंतीवर पाडला. दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली उजेडाची कड, उजवीकडे सरळ, डावीकडे जरा चढती. डावीकडची चढण कडेनं चालणारा दिसावा म्हणून. उजवीकडे वर काळोख, कारण तिथे समोरच्याचे डोळे येतात. मी उजव्या दिव्यानं नेमक्या त्या काळोखात उजेड ओतत आलो होतो. ट्रकच्या दिव्यांवरचा तो अर्धा रंग आठवला. तो समोरून येणाऱ्यासाठी होता, माझा सोसायटीसाठी.

आरसा गेलाच होता. भंगारातून दुसरा उजवा दिवा आणला. तोही उघडला, घरीच. काम घरी करू नये असं माझं मत झालेलं नाही. पण या वेळी दोन संध्याकाळी नुसती खाच साफ केली, लाकडी काडीनं, डिंकाचा कण न ठेवता. नवी ब्यूटाइलची दोरी सलग फिरवली, तापवून शिकंज्यांत आवळली. श्वासाच्या भोकाला नळी लावली. गाडीला बसवायच्या आधी दिवा नळाखाली धरला आणि रात्रभर निथळू दिला. आत थेंब नाही. हे बघायला कुणी आलं नाही, त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

चौकट सुटीच होती तेव्हा. सामान होतं, सुट्टी होती, ऊनही होतं. रंग मारला नाही. स्प्रेचा अर्धा कॅन अजून कपाटात आहे. अधूनमधून काढून हलवतो, आतली गोळी खुळखुळते, मग परत ठेवतो.