ठसा

तांब्याचे किंवा कांस्याचे जुने नाणे हाताळल्यावर बोटांना चिकटणारा उग्र वास धातूचा नसून, धातूच्या स्पर्शाने विघटन पावणाऱ्या त्वचेवरील स्निग्ध द्रव्यांचा असतो; त्यामुळे बऱ्याच वर्षांनी पेटी उघडून नाणे हाती घेणाऱ्या संग्राहकाला जो वास ओळखीचा वाटतो, तो मुळात त्याच्याच हाताचा असतो.

दक्षिण अमेरिकेतील 19व्या शतकाच्या उत्तरार्धातील सुट्या नाण्यांचे कांस्य म्हणजे साधारणतः 95 भाग तांबे, 4 भाग कथील आणि 1 भाग जस्त यांचा मिश्रधातू होय. फ्रान्सने तो 1852 मध्ये स्वीकारल्यावर अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले, तर भारतातील पैसा 1906 पर्यंत तांब्याचाच राहिला. पाय घासण्याच्या काशाच्या वाटीत कथील याहून पुष्कळ अधिक असते, म्हणून हे नाणे काशापेक्षा तांब्याच्याच जवळचे दिसते. अर्जेंटिनाने 1881च्या कायद्यान्वये चलनाची घडी बसवली आणि 1882 ते 1896 या काळात 1 व 2 सेंटाव्होंची कांस्य नाणी पाडली. त्यांपैकी 2 सेंटाव्होंचे नाणे 10 ग्रॅम वजनाचे आणि 30 मिलिमीटर व्यासाचे असून, त्यावर उदिने या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेले स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आहे. तिच्या डोक्यावर फ्रिजियन टोपी, म्हणजे गुलामगिरीतून सुटल्याची खूण मानली गेलेली मऊ टोपी, दिसते.

वजनावर विकत घेतलेल्या परदेशी नाण्यांच्या पुडीतून असेच एक नाणे दहा वर्षांच्या मुलाच्या हाती आले, आणि देवघरातले ताम्हन ज्या रीतीने उजळते त्याच रीतीने, चिंच व मीठ लावून, त्याने ते घासले. नाणे गुलाबी झाले आणि मुलाला कृतार्थ वाटले. पुढे संग्राहक झालेल्या त्या मुलाकडे अनेक नाणी आली आणि गेली, परंतु त्याच्या संग्रहाचा इतिहास त्या चिंचेपाशीच वारंवार परत येतो.

टाकसाळीतून निघालेल्या कांस्याची मूळ लाली आणि आम्लाने आणलेला गुलाबी रंग यांत फरक असतो. ठशाच्या दाबाखाली धातू कडेकडे सरकतो तेव्हा पृष्ठावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात, आणि नाणे तिरके करताच त्यांवरून प्रकाश चक्राकार फिरतो. आम्ल याच रेषा खाऊन टाकते. प्रतवारी, म्हणजे झीज, झळाळी आणि रंग पाहून नाण्याची स्थिती ठरवणे, हिची मोजपट्टी 1 ते 70 अंकांची असून ती विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी बांधली होती. तांबे व कांस्य यांच्यासाठी तिला रंगाचीही जोड दिली जाते: मूळ लाली 95 टक्के वा अधिक उरली असेल तर ‘लाल’, 5 टक्क्यांहून कमी असेल तर ‘तपकिरी’, आणि मधले सारे ‘लाल-तपकिरी’. घासलेल्या नाण्याला मात्र बहुधा अंकच मिळत नाही, केवळ दोषाची नोंद मिळते. ब्राझीलचे संग्राहक अस्पर्श नाण्याला ‘फ्लोर द कुन्यु’, म्हणजे ठशाचे फूल, म्हणतात; इतका सुंदर शब्द असलेल्या व्यवहारात घासलेल्या नाण्यासाठी एखादा सौम्य शब्द असू नये, ही उणीव लहान नाही.

याच ब्राझीलने 1835 मध्ये तांब्याच्या नाण्यांचे मूल्य निम्म्यावर आणले, कारण खोट्या आणि हलक्या तांब्याने बाजार भरून गेला होता. 80, 40 आणि 20 रेइसच्या नाण्यांवर अनुक्रमे 40, 20 आणि 10 हे आकडे वर्तुळात ठोकण्यात आले, आणि त्या घावाखाली मूळ अक्षरे, मुकुट वा ढाल जे काही आले ते चेपले गेले. अशा नाण्याला आज दोन प्रती दिल्या जातात, एक नाण्याची आणि दुसरी त्यावरच्या ठोक्याची. राज्याने केलेली इजा इतिहासात जमा होते आणि मुलाने केलेली इजा दोषात. संग्राहकाच्या मनातील ही जुनी अढी तर्काने सुटत नाही, कारण प्रतवारीकाराचे म्हणणे बरोबर आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

उघडे पडलेले कांस्य फार काळ गुलाबी राहत नाही. नाणे कळकते, असे घरगुती भाषेत म्हणता येईल. परंतु कळंक हिरवा असतो, आणि दमट हवेत क्षारामुळे फुटणारी हिरवी भुकटी हा तर नाण्याचा रोगच होय. मुलाने घासलेल्या नाण्यावर तसे काही झालेले नाही, केवळ तपकिरी रंग परतला आहे, तोही सर्वत्र सारखा नव्हे. देवतेच्या गालावर तो वळसे घेऊन उतरला आहे, कारण चिंच धुऊन टाकल्यावर मुलाने नाणे पुसून अंगठ्याखाली घट्ट धरले होते, आणि ताज्या धातूवर उमटलेला बोटाचा ठसा वर्षागणिक गडद होत गेला. नाणे कोरणाऱ्याचाही ठसा, मूल्य निम्मे करणाऱ्याचाही ठसा आणि हाही ठसाच. मराठीत तिन्हींना शब्द एकच आहे. संग्राहकाचा आजचा अंगठा त्यावर धरला तर तो वळशांच्या दोन्ही बाजूंना बाहेर येईल. तसे अर्थात केले जात नाही. नाणे काठाने धरून, भिंगाखाली एकदा फिरवून, पेटीत परत ठेवले जाते.