मान धरण्याच्या आधी

बाल्टिमोरच्या नॉर्थ ब्रॉडवेवरून चालताना केनेडी क्रीगर संस्थेच्या दारापाशी माझी पावलं रेंगाळतात. चाकाच्या खुर्चीतलं एखादं लेकरू बाहेर येतं. हात आखडलेले, मान कललेली, आणि डोळे मात्र समोरून जाणाऱ्या बसच्या मागे धावत सुटलेले. त्या डोळ्यांना सगळं कळत असतं. सेरेब्रल पाल्सीच्या कितीतरी मुलांची बुद्धी शाबूत असते, हे विन्थ्रॉप फेल्प्स या अस्थितज्ज्ञाने फार पूर्वी ओळखलं. १९३७ साली त्याने याच शहरात या मुलांसाठी संस्था काढली, तीच ही. आपल्याकडे आजही त्यांना सरसकट मतिमंद म्हणतात, याचा मला राग येतो.

इथून जवळच जॉन्स हॉपकिन्सचं सार्वजनिक आरोग्याचं महाविद्यालय आहे. डॉक्टर अभय आणि राणी बंग तिथे शिकले, मायदेशी परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. जन्मताना कोंडलेला श्वास, वेळेत न उतरवलेली तान्ह्याची कावीळ, मेंदूपर्यंत गेलेला जंतुसंसर्ग: गरीब मुलखात कोवळा मेंदू अशाने दुखावतो, आणि यातलं पुष्कळ टाळता येतं. अमेरिकेत साधनांची ददात नाही, तरी साधारण ३४५ मुलांमागे एकाला सेरेब्रल पाल्सी आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं इथे जगतात, त्यातली काही हा विकार घेऊन वाढतात.

त्याच १९८६ साली अमेरिकेने तीन वर्षांखालच्या अशा मुलांना लवकर मदत मिळावी म्हणून कायदा केला. आता थेरपिस्ट घरी येते, जमिनीवर बसते आणि बाळाला उचलायचं कसं, बसवायचं कसं, ते आईला दाखवते. पाहताना मला गडचिरोलीच आठवते. आईला हे कळलं की तिला महागडं यंत्र लागत नाही. गुंडाळून काखेखाली ठेवलेली गोधडी चालते, गावच्या सुताराने ठोकलेली कोपऱ्याची खुर्ची चालते. भरवताना बाळ ताठ बसलेलं आणि हनुवटी किंचित खाली असली, की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो.

म्हणून एक कळकळीची विनंती. चार महिन्यांचं बाळ मान धरत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर ‘आमच्या घराण्यात पोरं उशिराच चालतात’ म्हणत थांबू नका. गावातल्या आशा कार्यकर्तीला विचारा, जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे ते शोधा आणि याच आठवड्यात बाळाला दाखवून या.