बसऱ्याला गेलेले चेहरे

पावसाळा सरला की काचेला चिकटलेले फोटो माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागतात. कोकणातून, साताऱ्याकडून. त्यात कुणाचे तरी फौजी पणजोबा असतातच. अंगात खाकी, हातात छडी, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. घरच्यांना एवढंच ठाऊक असतं, ‘बसऱ्याच्या लढाईला गेले होते.’

ही पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली मोहीम. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी कुत-अल-अमाराला तुर्कांनी या डिव्हिजनला वेढा घातला. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई बराच काळ तयार नव्हते. उपासमार आणि स्कर्व्हीने माणसं खंगली. २९ एप्रिल १९१६ रोजी वेढ्यातल्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. कैद्यांची वाळवंटातून पायपीट झाली, आणि कित्येकांचा शेवट रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर झाला. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं तिथे कोरलेली नाहीत. पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा. आपल्याकडच्या गावांतल्या संगमरवरी पाट्यांवरही तेच: इतके गेले, इतके कामी आले.

फोटोत मात्र एकच माणूस असतो आणि तो आपल्याकडे बघत असतो. म्हणून या कामात मी फार हट्टी आहे.

चिकटलेला फोटो काचेवरून ओढायचा नाही. दमट हवेत फोटोवरचं जिलेटिन फुगून काचेला धरतं. ओढलं की चेहराच काचेवर राहतो. काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. मग दिवा बाजूने, अगदी आडवा लावून मूळ फोटो न्याहाळावा. काळ्या भागांवर निळसर चकाकी दिसली तर ती फोटोतली वर आलेली चांदी. त्याच उजेडात ब्रशचे फटकारेही उठून दिसतात. पुष्कळ घरांतला फोटो म्हणजे नंतर करून घेतलेलं एन्लार्जमेंट असतं आणि त्यातली मिशी रिटचिंगवाल्याची असू शकते.

डाग, बुरशी, घड्या मी काढते. कसरीने खाल्लेला डोळा भरत नाही. हल्ली संगणक तो क्षणात भरून देतो, पाणीदार आणि देखणा. पण तो त्या माणसाचा नसतो. नातवंडं हिरमुसतात, हे मला दिसतं. तरीही ज्याचं नावसुद्धा दगडावर आलं नाही, त्याला परका डोळा लावणं मला अन्याय वाटतो. रंग भरायलाही मी नको म्हणते. त्या काळच्या फोटोच्या बहुतेक प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तो काळा उमटे, आणि निळा पांढुरका. पदकाच्या फितीचा रंग नुसत्या छटेवरून ठरवला तर पदकच बदलतं.

पडदाही कापू देत नाही. तळाशी किंवा पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असतो, खांद्यावर पितळी अक्षरं असतात. पलटणीचा माग तिथून लागतो.

फोटो आणताना घरात जुनी पदकं असतील तर तीही आणा, घासूनपुसून चकचकीत न करता. पंचम जॉर्जचं मस्तक असलेल्या चांदीच्या पदकाची कड भिंगाखाली फिरवली की शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण वाचता येते. हे सगळं मी मऊ पेन्सिलीने नव्या प्रतीच्या मागे उतरवून देते.