हिकमत-ए-अमली

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. करताना पाठाचे टाचण काढायला शिकलो, कंपनीचा ताळेबंद वाचायला नाही. म्हणून गेल्या वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयातले माझे प्राध्यापक मित्र म्हणाले, "आमच्या एमबीएच्या मुलांना संध्याकाळी तासभर शिकवाल का?" तेव्हा मला ती चेष्टाच वाटली. पण ते मनापासून विचारत होते. त्यांच्या वर्गात वीस-बावीस मुलंमुली उर्दू आणि मराठी माध्यमातून आलेली होती. मुलं हुशार, पण मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या 'स्ट्रॅटेजी'चा तास आला की गप्प. इंग्रजी उतारे पाठ करायची, बोलायची नाहीत. "विषय मी शिकवतो, तुम्ही त्यांना त्यावर बोलतं करा," असं ठरलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांची पुस्तकं वाचली आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला: स्ट्रॅटेजी. विचारलं, आपल्या भाषेत याला काय म्हणाल? मराठी माध्यमाची एक मुलगी म्हणाली, "व्यूहरचना." हा लढाईतला शब्द. इंग्रजी शब्दही मूळचा ग्रीक सेनापतीचा, म्हणजे दोन्हींचा अर्थ एकच: समोर शत्रू आहे आणि त्याला हरवायचं आहे. मग मी उर्दूवाल्यांकडे पाहिलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "हिकमत-ए-अमली." उर्दू वर्तमानपत्रात हा शब्द रोज येतो, पण त्यात सेनापती नाही. हिकमत म्हणजे शहाणपण, अमल म्हणजे कृती. कृतीत उतरलेलं शहाणपण.

त्या दिवशी एवढंच झालं, पण मुलं बोलली.

या विषयात 'केस' शिकवण्याची पद्धत आहे. हार्वर्डची व्यवसायशिक्षणाची शाळा 1908 मध्ये सुरू झाली. 1919 मध्ये वॉलेस डोनहॅम तिचे प्रमुख झाले. ते कायद्याचे पदवीधर. कायद्याची मुलं जुने खटले वाचून शिकतात, तशी व्यवसायाची मुलं कंपन्यांचे प्रसंग वाचून शिकोत, असा आग्रह त्यांनी धरला. आजही केस बहुतेक एकाच ठिकाणी येऊन थांबते: तुम्ही या कंपनीचे प्रमुख आहात, आता काय कराल? शिक्षक म्हणून मला ही पद्धत आवडली. उत्तर सांगायचं नाही, विचार करायला लावायचं.

आम्ही थिओडोर लेव्हिट यांच्यापासून सुरुवात केली. 1983 मध्ये त्यांनी मांडलं की जगभरच्या लोकांच्या आवडीनिवडी एकसारख्या होत चालल्या आहेत, तेव्हा कंपन्यांनी सगळीकडे एकच माल स्वस्तात विकावा. मग 1989 मध्ये क्रिस्टोफर बार्टलेट आणि आपल्या कोलकात्याचे सुमंत्र घोषाल यांचं पुस्तक आलं. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या नऊ मोठ्या कंपन्यांचा अभ्यास करून त्यांनी म्हटलं की एवढ्यानं भागत नाही. जगभर एकसारखं राहून खर्च वाचवायचा, प्रत्येक देशाप्रमाणे बदलायचं आणि एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशात वापरायचं, हे तिन्ही एकाच वेळी जमलं पाहिजे. हे समजावताना मी मॅकडोनाल्डचं उदाहरण घेतलं. 1996 मध्ये ही कंपनी भारतात आली ती गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही वगळून, आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर घेऊन. एक मुलगी हसून म्हणाली, "सर, ये तो हमारी शादी का दस्तरख्वान हो गया. एक तरफ बिर्याणी, एक तरफ पडोसियों का व्हेज." इतकं नेमकं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात आम्ही 'हसऱ्या वक्रा'पाशी आलो. तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शिह यांनी 1990 च्या दशकात ही आकृती मांडली. डावीकडे संशोधन आणि रचना, उजवीकडे ब्रँड, विक्री आणि सेवा, मध्ये उत्पादन. कमाई दोन्ही टोकांना जास्त, मध्ये कमी. रेघ काढली की हसऱ्या ओठांसारखी दिसते. मोठ्या कंपन्या दोन्ही टोकं स्वतःकडे ठेवतात आणि मधलं काम जिथं स्वस्त होईल तिथं बाहेर देतात. मी कपड्याच्या ब्रँडचं उदाहरण देत फळ्यावर ती रेघ काढली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून प्रश्न आला:

"सर, इसमें हमारा मालेगाव किधर है?"

विचारणारा मुलगा एरवी तोंड उघडत नसे. मी खडू त्याच्या हातात दिला. तो आला, थोडा वेळ उभा राहिला आणि रेघेच्या अगदी तळाशी टिंब काढून जागेवर जाऊन बसला. वर्गात कोणी हसलं नाही.

तास संपल्यावर तो थांबला. त्याच्या अब्बांचे काही लूम आहेत. सुताचा व्यापारी सूत देतो, अब्बा मजुरीवर कापड विणून देतात, मीटरमागे दर ठरतो, आणि तो अब्बा ठरवत नाहीत. मुलाखतीत वडील काय करतात असं विचारलं की 'बिझनेस' एवढंच सांगायचं, असं त्यानं ठरवलेलं होतं. "लूम बोला तो वो लोग क्या समझेंगे, सर?"

मी त्याला लगेच काही उत्तर दिलं नाही. मलाच सुचत नव्हतं. घरी येऊन पुन्हा त्या केस चाळल्या. प्रत्येक केसमध्ये खुर्ची एकच, मुख्यालयातली. तिथं बसून काय दिसतं ते सगळं लिहिलेलं. तळाच्या टिंबावरून वर पाहिलं तर काय दिसतं, ते कुठंच नाही.

पुढच्या तासाला मी बांगलादेशातली राणा प्लाझाची घटना घेतली. ढाक्याजवळ सावर इथली ही आठ मजली इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली. आत कपडे शिवणारे पाच कारखाने होते. तिथला माल पाश्चात्त्य ब्रँडसाठी जात होता. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र कामावर यायला सांगितलं गेलं. अकराशेहून जास्त माणसं गेली. मी वर्गाचे तीन गट केले. एक मुख्यालयातल्या खरेदी अधिकाऱ्यांचा, एक कारखान्याच्या मालकाचा, एक शिलाईवर बसणाऱ्या बाईचा. प्रश्न तिघांना एकच: आदल्या संध्याकाळी तुमच्या हातात काय होतं?

पहिला गट म्हणाला, इमारत आमची नाही. दुसरा म्हणाला, माल उशिरा गेला तर पुढची ऑर्डर जाते. तिसऱ्या गटातली मुलगी म्हणाली, "पगार अडकलेला असेल, तर मी जाईन." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. त्यानंतर मी सांगितलं की पुढच्याच महिन्यात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा कायदेशीर बंधन असलेला करार झाला. म्हणजे 'इमारत आमची नाही' म्हणणाऱ्यांच्याही हातात काही तरी होतंच. ते आधी वापरलं गेलं नव्हतं.

माझे प्राध्यापक मित्र मागे बसून ऐकत होते. बाहेर चहा पिताना म्हणाले, "सर, तास चांगला झाला. पण परीक्षेत हे विचारत नाहीत. आणि ही मुलं उद्या याच कंपन्यांत नोकरी मागायला जाणार आहेत."

त्यांचं चूक नव्हतं. या मुलांना नोकरी हवी आहे, घरांना त्यांचा पगार हवा आहे. कंपन्यांचा राग शिकवून मी त्यांचं भलं करणार नव्हतो, आणि तो माझा हेतूही नव्हता. पण मला घोषाल यांचाच आधार मिळाला. 2004 मध्ये ते वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. आयुष्यभर व्यवस्थापन शिकवलेल्या या माणसानं त्यात आपल्याच क्षेत्राला दोष दिला आहे. नीती बाजूला ठेवून सिद्धान्त शिकवले, की विद्यार्थ्यांची नैतिक जबाबदारीची जाणीवच आपण काढून घेतो, असं त्यांचं म्हणणं. मित्रांना मी म्हणालो, हा माणूस तर तुमच्या अभ्यासक्रमात आहे.

मग मला तो पहिल्या दिवशीचा शब्द आठवला. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी 'अख्लाक-ए-नासिरी' हा फारसी ग्रंथ लिहिला. मोगल काळात तो आपल्याकडे खूप वाचला जाई. त्यात हिकमत-ए-अमलीचे तीन भाग आहेत: स्वतःला वळण लावणं, घर चालवणं, शहर आणि राज्य चालवणं. पहिला भाग अख्लाकचा, म्हणजे चारित्र्याचा. बाकी दोन त्याच्यानंतर. आपण शब्द तोच ठेवला आणि त्यातला पहिला भाग गाळून टाकला.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "बेटा, अब्बांना विचार. दर पडला तेव्हा त्यांनी काय केलं, कारागिरांना कसं सांभाळलं. लिहून आण." तो चार पानं लिहून घेऊन आला. सूत कधी महाग झालं, लूम कधी बंद ठेवले, ईदच्या आधी कारागिरांना उचल कुठून दिली, सगळं त्यात होतं. आम्ही ते वर्गात केस म्हणून वाचलं. शेवटी प्रश्न होता: तुम्ही या लूमचे मालक आहात, आता काय कराल? पाऊण तास वाद झाला, आणि त्यात सगळ्यात जास्त तोच बोलला.

परीक्षा झाली. सगळ्यांना चांगले गुण पडले असं नाही. त्या मुलाला एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, वडील काय करतात विचारलं तर लूमच सांगणार आहे."

मी म्हणालो, "सांग. आणि नोकरी लागली, तुझ्या टेबलावर दराचा कागद आला, तर सही करण्याआधी एकदा अब्बांना आठव."