डोलकाठीचा प्रश्न

वाशीमच्या माणसाने शिडाच्या होडीवर लेख लिहावा, हे वाचून पुष्कळांना हसू येईल. त्यांना हसण्याचा पूर्ण अधिकार आहे. आमचा जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला तेव्हा त्याच्या वाटणीला काय काय आले, याची यादी केली तर तीत समुद्र कुठेच सापडणार नाही. गावाला पाणी पाजणारा एकबुर्जीचा तलाव, पद्मतीर्थ, आणि लहर लागली म्हणजे वाहणारी पैनगंगा, एवढ्यावर आम्ही आपली जलक्रीडा भागवतो. तरीसुद्धा गेले वर्षभर आमच्या घरात ज्या एका प्रश्नावरून पोळ्या निवल्या आणि वरणाची फोडणी जळली, तो प्रश्न होडीच्या डोलकाठीचा होता. शेजारच्या नानांनी तर एकदा फाटकातूनच विचारले, "काय गुर्जी, इथं नळाले पाणी नाही अन् तुमी जहाज बांधून राह्यले का?"

जहाज आमचे नव्हते. निम्मेच आमचे होते. सौ.चे माहेर देवबागचे. मालवणच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी गेली आहे. तिच्या एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. माझ्या सासऱ्यांची एक लहानशी नारळीची बाग खाडीपलीकडे होती. ते पोस्टात नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या बावीस फुटी होडीतून बागेत जात. होडीला एकच डोलकाठी, किंचित पुढे झुकलेली, आणि तिच्यावर तिरक्या लांब काठीला बांधलेले तिकोनी शीड. कोकणातल्या होड्यांना पूर्वी सर्रास असे तेच. आमच्या लग्नात सासरे मला म्हणाले होते, "तुमच्या वऱ्हाडातला कापूस आला नाही तर आमची होडी हलायची नाही बरं का!" शीड सुती कापडाचे असे, म्हणून हा विनोद. आता आमच्याकडे कापसाच्या जागी बहुतेक सोयाबीन झाले आहे. पण तो विषय वेगळा.

चार वर्षांपूर्वी सासरे वारले. होडी झावळ्यांच्या खोपीत पडून राहिली. मेहुण्याला तिची आवड नाही. खाडीत आता यंत्रांच्या बोटी धावतात, आणि पर्यटकांना घाई असते. गेल्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. कोणा हॉटेलवाल्याला ती होडी हवी होती, बागेत ठेवायला! आत माती भरून फुलझाडे लावायची आणि रात्री दिवे सोडायचे, असा बेत. पैसे बरे देत होता. "भावोजी, ताईचा अर्धा वाटा आहे, तिला विचारा," एवढे बोलून त्याने फोन मुलीच्या हातात दिला. ही आमची भाची सतरा वर्षांची; शाळेत असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात शीड हाकायला शिकलेली. 'तारिणी' या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून दोन महिला अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परतल्या, त्यांची चित्रे तिच्या खोलीत लावलेली आहेत. ती म्हणाली, "आत्याला सांगा, होडी विकू देऊ नका. मी चालवीन. फक्त डोलकाठी बदलायला हवी."

का बदलायला हवी, हे समजायला मला पंधरा दिवस लागले. वाचकांना मी दोन मिनिटांत सांगतो. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला होडी सरळ जाऊ शकत नाही. नागमोडी जावे लागते, म्हणजे वारा कधी उजव्या अंगावर, कधी डाव्या. आपल्या जुन्या शिडात दर वळणाला ती लांब काठी डोलकाठीच्या पुढून उभी करून पलीकडे न्यायची असते. वारा असताना हे काम दोनतीन माणसांचे. सासऱ्यांबरोबर दोन गडी असत. भाचीबरोबर कोण असणार? उलट नव्या पद्धतीच्या, ज्याला बर्म्युडा म्हणतात त्या रचनेत उंच डोलकाठीच्या मागे एक उभे शीड आणि पुढे एक लहान. वळताना दोन्ही आपोआप दुसऱ्या बाजूला जातात; एकटे माणूस सहज सांभाळते, आणि वाऱ्याच्या तोंडाशी होडी अधिक जवळून जाते. गोव्याच्या एका तरुण कारागिराने अंदाजही दिला होता: अॅल्युमिनियमची डोलकाठी, पोलादी तारा, दोन शिडे, सारे मिळून सव्वा लाख.

आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी लगेच कौल दिला: बदला. तो यंत्र-अभियंता आहे आणि जुने ते बदलावे असे त्याचे सर्वच बाबतींत मत आहे. पण गावातला म्हातारा सुतार, ज्याने सासऱ्यांबरोबर ती होडी बांधली होती, तो म्हणाला, "ह्या होडीक तारांचो ताण सोसवाचो नाय." चिरंजीव हसले. मग त्यांनी आकडेमोड केली, आणि हसायचे थांबले.

हे मला फार गमतीचे वाटले. आपण समजतो की डोलकाठी म्हणजे होडीत रोवलेला खांब. तो उपटून दुसरा रोवला की झाले. तसे नसते. उंच डोलकाठीला ताठ ठेवणाऱ्या तारा होडीच्या दोन्ही कडांना वर ओढतात आणि डोलकाठी मधोमध तळाला खाली दाबते. म्हणजे धनुष्याला प्रत्यंचा चढवावी तशी सगळी होडी ताणली जाते. ज्या होडीच्या फळ्या त्यासाठी बसवलेल्याच नाहीत, तिचे सांधे सुटू लागतात. शिवाय शिडाचा जोर वर सरकला की होडी अधिक कलते, आणि जोर मागेपुढे सरकला की सुकाणू एका बाजूला ओढ घेते. डोलकाठी बदलायची तर तिची जागा बदलावी लागते, जागा बदलली की आतले लाकूड वाढवावे लागते, तळाला वजन घालावे लागते. आणि शेवटी सासऱ्यांच्या होडीतले सासऱ्यांचे असे काय उरते ते शोधावे लागते. सव्वा लाखाचा अंदाज मग अडीचवर गेला.

याच सुमारास माझ्या वाचनात 'सुहेली'ची हकिगत आली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. १४ जून १९६८ ला निघाला, २२ एप्रिल १९६९ ला परतला, ३१२ दिवस. त्याची ती बत्तीस फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरवलेली. त्याने आराखडे मागवले होते एक आणि टपालाने आले भलतेच, जुन्या वळणाचे. तो म्हणाला, असू द्या! वाटेत सुकाणू आपोआप धरणारे यंत्र मोडले, तेव्हा त्याने दोन डोलकाठ्यांवरच्या शिडांचा असा तोल साधला की होडी आपली आपण वाट धरू लागली. हे मी मोठ्या उत्साहाने जेवताना सांगितले. चिरंजिवांनी तेवढ्याच थंडपणे दुसरी बाजू मांडली: त्याच 'सुहेली'ची गोव्यात बांधलेली प्रतिकृती 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले होते, सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात सापडून तिच्या डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. हाच माणूस २०२३ साली पुढच्या शर्यतीत दुसरा आला, हे मी सांगायला सुरुवात केली तोवर ताटे उचलली गेली होती. दाखले असे दोन्ही बाजूंनी मिळतात. दाखल्यांनी कोणाचे मत बदललेले मी तरी पाहिले नाही.

या सर्व काळात सौ. गप्प होती. माझ्या घरात ही स्थिती सहसा येत नाही, म्हणून मला जरा भीतीच वाटू लागली. शेवटी मार्चमध्ये आम्ही देवबागला गेलो. तिने आधी होडी पाहिली, डोलकाठीवरून हात फिरवला, आणि मग घरात जाऊन सरळ माळ्यावर चढली. अर्ध्या तासाने कोळिष्टकांनी माखलेली खाली आली ती एक गुंडाळी घेऊन.

"हे बाबांचं लहान शीड," ती म्हणाली. "वारा फार असला की मोठं उतरवून हे चढवायचे. आम्ही दोघी बहिणी शेंगांचं पोतं म्हणायचो याला. हे लावलं की बाबा काठी फिरवायचे नाहीत. एका बाजूलाच राहू द्यायचे."

सुताराने मान डोलावली. होय, लहान शीड असले तर काठी पलीकडे नेलीच पाहिजे असे नाही; एका वळणावर शीड डोलकाठीवर दाबले जाते, थोडा वेग जातो, एवढेच. तारा नकोत, नवी डोलकाठी नको, फळ्यांवर ताण नको. भाचीचा चेहरा मात्र उतरला. ती प्रामाणिकपणे म्हणाली, "पण आत्या, याने वाऱ्याच्या तोंडी होडी नीट चढणार नाही." तिचे खरे होते. आणि तिला 'तारिणी'सारखी उंच, पांढरी शिडे हवी होती, हेही सर्वांना ठाऊक होते.

"तुला जायचंय कुठे?" सौ.ने विचारले.

सध्या तरी बागेत, आणि हवा चांगली असली तर खाडीच्या तोंडापर्यंत. तिथे सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा. जाताना एक पाठीवर घ्यायचा, येताना दुसरा. सासरे जन्मभर तसेच जात आले. माझे स्वतःचे मत असे, की माणसाने आधी आपला वारा पाहावा आणि मग शीड. पण ते मी मनात ठेवले, कारण मला पोहता येत नाही. ठरले ते असे: दोन वर्षे लहान शिडावर चालवायचे. तेवढ्यात भाचीचा हात बसला आणि तिला पुढे जावेसे वाटले, तर उंच शिडांची नवी होडी घेण्यासाठी आत्याने आपला वाटा द्यायचा. जुनीच्या डोलकाठीला मात्र हात लावायचा नाही. हॉटेलवाल्याला मेहुण्याने तिथल्या तिथे फोन केला. तो बिचारा म्हणाला, एखादी फुटकी असली तरी कळवा.

शिडाला उंदरांनी दोन ठिकाणी खाल्ले होते. चिरंजिवांनी फोनवरून कृत्रिम धाग्याचे नवे कापड सुचवले. ते कुजत नाही, ओलाव्याने ताणत नाही, सगळे खरे. सौ.ने ऐकून घेतले, वाशीमला परतल्यावर बाजारातून जाड मांजरपाट आणला, तीन वेळा धुऊन आटवला, आणि दुहेरी शिवणीची दोन ठिगळे करून पार्सलने पाठवली. ती कशी बसवायची याची चिठ्ठीही आत होती.

पावसाळाभर काही कळले नाही. नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याने भाचीचा निरोप आला: एकटी बागेत जाऊन आले, येताना वारा पडला म्हणून शेवटी वल्हे मारावे लागले, ठिगळे टिकली, शिडाच्या वरच्या टोकाचा दोर मात्र बदलायला हवा. सौ.ने तो दोनदा वाचून घेतला आणि दोर किती जाडीचा हवा ते विचारायला मला सांगितले.