खर्जाची रुजुवात

बेस गिटारला चारच तारा, तेव्हा ती जुळवणे सहा तारांच्या गिटारीहून सोपे, अशी समजूत रूढ आहे. परंतु अंधेरीतील एखाद्या जॅमरूममध्ये, ड्रम, कीबोर्ड आणि गायक यांच्या गलबल्यात, त्या चारांतील सर्वांत जाड तार नेमक्या स्वरावर आणून उभी करण्याचा ज्याने यत्न केला असेल, त्याच्यापाशी ही समजूत क्षणभरही टिकत नाही. ही ई-ची तार सेकंदाला ४१.२ आंदोलने करते आणि तिच्या लगतचा वरचा अर्धस्वर ४३.६५ आंदोलनांवर असतो. म्हणजे एका स्वराची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत मध्ये अडीच आंदोलनांचेही अंतर नाही. साध्या गिटारीच्या सर्वांत बारीक तारेवर हेच अंतर एकोणीस आंदोलनांहून अधिक भरते. इतक्या अरुंद जागेतला निवाडा एकट्या कानावर सोपवणे धोक्याचे, आणि हा स्वर ढळला तर दोष नेहमी दुसऱ्याच्या माथी जातो. कारण बेस उतरली असता श्रोत्याला बेस उतरली असे जाणवत नाही, त्याला गायिका चढी लागल्यासारखी वाटते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली पडद्यांची बेस गिटार बाजारात आणली, पुढे टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी ती राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात वाजवली, आणि त्या गाण्यांच्या तळाशी चालणारा स्वर लक्षावधी कानांनी वाद्याचे नावही न विचारता आपला मानला. ज्याच्या भरवशावर इतरांचे सूर उभे राहतात, त्याने आपल्या स्वराची रुजुवात रोज करून घ्यावी, हे मला न्याय्य वाटते.

ट्यूनर पसंत करताना म्हणूनच माझा एक आग्रह असतो, की त्याची परीक्षा सर्वांत जाड तारेवर घ्यावी. जी-च्या तारेची ९८ आंदोलने कोणतेही यंत्र चटकन ओळखते, आणि दुकानातला विक्रेता नेमकी तीच तार छेडून दाखवतो. ई-च्या तारेला, आणि पाच तारांचे वाद्य असेल तर ३०.८७ आंदोलनांच्या बी-च्या तारेला, मात्र उत्तर देण्यास वेळ लागतो. घरातल्या वयोवृद्ध माणसाला काही विचारून आपण थांबावे, तसे तिच्यासाठी थांबावे लागते. ई-च्या तारेचे एकेक आंदोलन चोवीस सहस्रांश सेकंदाचे, आणि स्वर ठरवण्यापूर्वी यंत्राला अशी कित्येक आंदोलने न्याहाळावी लागतात. त्यातून मूळ स्वर दुर्बळ आणि त्याचे उपस्वर प्रबळ, यामुळे कमी प्रतीचे यंत्र भांबावते आणि ई-ची तार वाजत असता बी दाखवू लागते, कारण ई-चा तिसरा उपस्वर बी हाच आहे. यावरचे इलाज वादकाच्या हाती आहेत. टोनची कळ पूर्ण उतरवावी, मानेकडचा पिकअप घ्यावा, तार नखाने न छेडता अंगठ्याच्या मांसल भागाने छेडावी. इतके करूनही काटा थरथरत राहिला, तर बाराव्या पडद्यावर बोटाचा नुसता स्पर्श ठेवून वरच्या सप्तकातला ८२.४ आंदोलनांचा स्वर काढावा. आघाताच्या क्षणी प्रत्येक तार किंचित चढी बोलते, म्हणून पहिल्या क्षणाची साक्ष ग्राह्य न धरता स्थिरावलेल्या नादाची धरावी; आणि खुंटी पिळताना नेहमी खालून वर यावे, म्हणजे ढिलाई खुंटीच्या दात्यांत लपून राहत नाही. चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो. एक तार चढवली की मान तसूभर झुकते आणि उरलेल्या तिघी उतरतात, म्हणून शेवटची तार जुळताच पुन्हा पहिलीकडे यावे.

यंत्रांचे प्रकार तीन. माइकने ऐकणारा ट्यूनर गर्दीत निरुपयोगी, एवढे म्हणून त्याला सोडून देतो. चिमट्याचा ट्यूनर गिटारीच्या डोक्याला लागतो आणि लाकडाचा कंप वाचतो. पेडलचा ट्यूनर तारेतून येणारा विद्युत्संदेश वाचतो आणि पायाने दाबताच आवाज बंद करतो, त्यामुळे रंगमंचावर श्रोत्यांना जुळवाजुळव ऐकावी लागत नाही. पेडल गिटारीला लागून सर्वांत आधी जोडावे, इतर पेडले त्यानंतर.

परंतु पेडलच्या बाबतीत आपल्या घरांतली एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये ट्यूबलाइट, फ्रीज आणि पंख्याचा रेग्युलेटर यांच्या सान्निध्यात एकेरी वेटोळ्याचा पिकअप असलेली गिटार पेडलला जोडावी, एकही तार छेडू नये, आणि तबकडीकडे पाहावे: पुष्कळदा तेथे जी हे अक्षर उमटते, आणि काटा अर्धस्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने चढा उभा राहतो. हा जी कोणत्याही तारेचा नव्हे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि खालच्या सप्तकातला जी ४९ आंदोलनांचा. तेव्हा विजेची गुणगुणच यंत्राने स्वर म्हणून नोंदवलेली असते. पूर्वी एकदिश विजेवर धावणाऱ्या आपल्या लोकलसुद्धा आता याच ५० आवर्तनांच्या विजेवर धावतात, त्यामुळे सारे उपनगर अहोरात्र एका चढ्या जी-मध्ये गुणगुणत आहे, ही कल्पना मला मोठी विलोभनीय वाटते. जी-ची तार जुळवताना या गुणगुणीचा दुप्पट स्वर, १०० आंदोलनांचा, तिच्या ९८ आंदोलनांच्या अगदी शेजारी येऊन बसतो आणि निर्णयात लुडबुड करतो. अशा वेळी ट्यूबलाइट मालवावी, गिटारीची दिशा थोडी फिरवून पाहावी, अथवा चिमट्याचा ट्यूनर वापरावा. लाकडाला या गुणगुणीचा संसर्ग होत नाही.

ट्यूनरच्या तबकडीवर अर्धस्वराचे जे शंभर भाग असतात, ते अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने योजलेले सेंट. अशाच मोजदादीच्या ओढीने आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन बावीस श्रुतींची आंदोलने मोजत बसले आणि १९१० साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद माजला. तथापि महसुलाच्या कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसाने स्वराचाही दाखला मागावा, याबद्दल मला त्यांचा नितांत आदर वाटतो. नेमका स्वर कोणता, हा त्यांचा प्रश्न बेस गिटारवरही भेटतो. ई-च्या तारेवर पाचव्या पडद्याचा आणि ए-च्या तारेवर सातव्या पडद्याचा स्पर्शस्वर एकाच वेळी वाजवावा. ट्यूनरबरहुकूम जुळलेल्या तारांवर हे दोन स्वर १६४.८ आणि १६५ आंदोलनांवर येतात, आणि त्यांच्या मीलनातून पाचेक सेकंदांना एक संथ लाट उठते. ती लाट कानाने पुसून टाकली की चतुर्थ स्वर शुद्ध होतो, पण कीबोर्डशी दोन सेंटांची तफावत पडते. कीबोर्डबरोबर वाजवताना मी ती लाट राहू देतो. एकट्याने, नुसत्या तंबोऱ्यासोबत वाजवायचे असेल तर पुसतो.

ट्यूनर ज्या ए-ला प्रमाण मानतो, तो ४४० आंदोलनांचा ए १९३९ साली लंडनच्या परिषदेत मुक्रर झाला, आणि जुन्या पेट्यांना त्या ठरावाची खबर नसते. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये भावगीतांच्या कार्यक्रमास पेटी आणि बेस एकत्र आली, तर पेटीचे सूर काही तिथल्या तिथे बदलता येत नाहीत, वाकावे बेसनेच. पेटीवाल्यांना विनंती करून मध्य सप्तकातली पांढरी सहा दीर्घ वाजवून घ्यावी, माइकचा ट्यूनर इथे प्रथमच उपयोगी पडतो, आणि काटा मध्यावर येईपर्यंत त्याचे प्रमाण ४३८, ४३९, ४४१, ४४२ असे सरकवत न्यावे. जो आकडा मिळेल तोच पेडलमध्ये घालून मग चारही तारा जुळवाव्या. काळी चारचा षड्ज लागला की ई-च्या तारेवरचा चौथा पडदा पेटीशी एकजीव होतो. कार्यक्रम संपल्यावर, गिटार पिशवीत घालण्यापूर्वी, आकडा पुन्हा ४४०वर आणून ठेवावा.